तिसरा रकाना

चारुलताला गणित येत नव्हतं असं अजिबात नाही. दहावीला तिला गणितात दीडशेपैकी एकशे एकोणतीस होते, आणि हे ती अजूनही, कुणी विचारलं नाही तरी, सांगते. पण सायन्सचं कॉलेज पडलं लांब, दोन बस बदलून जायला लागणार, आणि घरात सगळ्यांचं एकमत झालं की पोरीला एवढी दगदग हवी कशाला. झालं! बाई आर्ट्सला गेल्या. मग लग्न, मग नवऱ्याची, सत्यजितची, चिप बनवणाऱ्या कारखान्यातली नोकरी, मग ड्रेस्डेन. आणि आता अडतिसाव्या वर्षी ती दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला फोक्सहोखशूलमध्ये जाऊन बसायची. कुणीही, कुठल्याही वयात जाऊन काहीही शिकावं अशी ही गावची शाळा. शेजारच्या वर्गात आजीबाई इटालियन शिकत होत्या. चारुलता कॅल्क्युलस शिकत होती, अगदी पहिल्या पायरीपासून.

हौस म्हणून नाही हो. एका कारखान्यात तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती. अट एकच: नोव्हेंबरातली या कोर्सची परीक्षा पास करून दाखला द्यायचा. नाही दिला तर जागा दुसऱ्याला. आठ वर्षं या गावात कुणाची तरी बायको म्हणून राहिल्यावर तिला ती जागा किती हवी होती, हे तिचं तिलाच माहीत.

कोर्स सुरू झाला त्याच आठवड्यात सासू-सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आले. सासरे श्रीधरराव म्हणजे एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. चौतीस वर्षं स्वारगेटच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. नोकरी सुटली, वेळा लिहिणं काही सुटलं नाही. इथे आल्या दिवशीच त्यांनी चपलांच्या कपाटाशेजारी खिळ्याला दोऱ्याने एक वही लटकवली आणि तीन रकाने आखले. सुटलो. पोचलो. ठिकाण. निघण्याआधी सुटण्याची वेळ आणि ठिकाण लिहायचं, परत आल्यावर पोचण्याची वेळ. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ते ब्रेड आणायला बेकरीत जात. सुटलो ९.००, पोचलो ९.२४. ठिकाण बेकरी. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या खाली नुसत्या दोन छोट्या रेघा, म्हणजे वरच्याप्रमाणे. आणि मग रोज रेघाच.

‘‘बाबा, इथे कोण बघणार आहे वही?’’ सत्यजितने हसून विचारलं होतं.

‘‘बघायला कोणी नसतं तेव्हाच नोंद नीट ठेवायची असते,’’ श्रीधरराव म्हणाले.

कोर्सच्या बाई, फ्राऊ हेम्पल, सत्तरीच्या आणि शिस्तीच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं. घरातली बदलणारी अशी एक गोष्ट निवडा, रोज मोजा, कागदावर तिची रेषा काढा आणि तिचा चढ शोधा. कुणी गॅसचं मीटर घेतलं, कुणी बाळाचं वजन. चारुलताला आयतंच मिळालं. सासऱ्यांची वही! सासरे दुपारी झोपले की ती चौकटीचा कागद वहीच्या उजव्या अंगाला ठेवायची आणि उभ्या उभ्या पहिल्या दोन रकान्यांतले आकडे उतरवून घ्यायची. पोचण्यातून सुटणं वजा, म्हणजे मिनिटं. तिसरा रकाना तिच्या कागदाखाली झाकला जायचा. त्याचं तिला काम नव्हतं.

पहिले दोन आठवडे चोवीस, चोवीस, चोवीस. रेषा इतकी सपाट की तिला वाटलं, आपण अगदीच कंटाळवाणी गोष्ट निवडली. मग सव्वीस. पंचवीस. अठ्ठावीस. पुढच्या आठवड्यात एकोणतीस, एकतीस. पाचव्या आठवड्यात छत्तीस आणि शेवटी त्रेचाळीस.

बेकरी कुठे गेली नव्हती हो. आपली धरून चार इमारती ओलांडल्या की कोपऱ्यावर. आता त्या चारही इमारती दहा मजली, एकाच साच्यातल्या, एकाच राखाडी रंगाच्या, हे खरं. खुद्द चारुलताने पहिल्या वर्षी दोनदा भलत्याच दारात किल्ली घातली होती. पलीकडे एल्ब नदीचं गवताळ पात्र, आणि ऑक्टोबर लागला की त्यातून धुकं उठून इमारतींच्या मधे येऊन बसायचं.

फ्राऊ हेम्पलनी तिच्या रेषेवर पेन्सिल टेकवली.

‘‘हे कशाचं मोजमाप आहे?’’

घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? ‘‘एका ट्रामचं,’’ चारुलता म्हणाली. ‘‘एका फेरीला लागणारा वेळ.’’

‘‘आल्झो, बरं तर. वेळ वाढतोय, हे तर कुणालाही दिसेल. तुम्ही हे बघा.’’ त्यांनी एकेका बिंदूला पट्टी लावून दाखवली. पट्टी दर वेळी अधिक उभी होत होती. ‘‘वाढीचा वेगही वाढतोय. ही रेषा आपली आपण थांबणारी नाही. ही ट्राम माझी असती तर मी आधी चालकाला डॉक्टरकडे पाठवलं असतं.’’

वर्ग हसला. चारुलताच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना श्रीधरराव बुटांच्या नाड्या बांधत होते. नाडी बांधून झाली, त्यांनी ती सोडली आणि परत बांधायला घेतली. चारुलता समोर उभी. आज विचारायचंच, तिने ठरवलं होतं.

‘‘बाबा, तुम्ही कुठे...’’

‘‘अगं!’’ स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज सुरीसारखा आला. कुंदाताई हात पुसत बाहेर आल्या. ‘‘निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारतात होय गं? एवढं शिकतेस, इतकं कळू नये?’’

चारुलताने जीभ चावली. तिच्या माहेरीही हेच. बाहेर पडणाऱ्याला कुठे विचारलं की काम होत नाही, अपशकुन होतो. जाणाऱ्याने ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, आणि घरातल्यांनी ‘या’ म्हणायचं.

‘‘येतो,’’ श्रीधरराव म्हणाले.

‘‘या,’’ दोघी म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, निघताना नाही तर परत आल्यावर विचारायचं. जेवताना विचारायचं. अहो, तोंडाला कुलूप थोडंच होतं! पण खरं सांगायचं तर चारुलताला विचारायचंच नव्हतं. विचारलं की उत्तर येणार. उत्तर आलं की सत्यजितला सांगावं लागणार, डॉक्टर, तपासण्या, बाबांना एकटं सोडायचं नाही, म्हणजे घरी कोण थांबणार? सत्यजित तर नाही. तिने कॅलेंडर पाहिलं. परीक्षा वीस तारखेच्या गुरुवारी. सासू-सासऱ्यांचं विमान त्याच्या पुढच्या बुधवारी. सहा-सात आठवडे तर राहिले. निभावून जाईल. सासूबाईंनी तिला गप्प केलं याचा तिला राग यायला हवा होता, पण आतून हायसं वाटलं. स्वतःची लाज वाटली ती नंतर, आणि तीही थोडीशीच.

आणि काय गंमत, रेषा थांबली! सहाव्या आठवड्यात कुंदाताई म्हणाल्या, मीही येते हो तुमच्याबरोबर, गुडघे जरा मोकळे होतील. लगेच वेळ उतरला. अडतीस, छत्तीस, छत्तीस, छत्तीस. चारुलताने त्या दिवशी शिरा केला. कशाबद्दल म्हणून सत्यजितने विचारलं तर म्हणाली, सहज.

एका गोष्टीने मात्र तिचा घास अडला. खाली दाराशी सूचनाफलकावर हाउसमायस्टरने, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाने, चिठ्ठी लावली होती: चौदा नंबरच्या मुख्य दाराच्या मुठीला कापडाची चिंधी कोण बांधतं? हे नियमात बसत नाही, ती आम्ही काढली आहे. चिठ्ठीला टाचणीने ती चिंधीही लावून ठेवली होती, पुरावा म्हणून. जर्मन माणूस! चिंधी केशरी होती, बारीक जरीकाठाची. कुंदाताईंच्या जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा चारुलताने न ओळखायला ती काय आंधळी होती? आपलं दार बाकीच्या तिन्हींपेक्षा वेगळं दिसावं असं कुणाला तरी वाटत होतं. तिने चिंधी काढून पर्समध्ये टाकली आणि वर जाऊन चहा ठेवला. कुंदाताई खिडकीत बसून सासऱ्यांच्या कोटाच्या आतल्या खिशाला काहीतरी शिवत होत्या.

‘‘काय शिवताय, आई?’’

‘‘पत्त्याचा कागद. खिसा फाटलाय ना, पडायला नको.’’

खिसा काही फाटलेला दिसत नव्हता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग चारुलताने विचारलं, साखर किती घालू. बारा वर्षं सासूबाई एकच चमचा साखर घेत आल्या होत्या.

आठव्या आठवड्यात तिने रेषा पुन्हा वर्गात दाखवली. चढ शून्य! तिला वाटलं, बाई खूश होतील.

फ्राऊ हेम्पल खूश झाल्या नाहीत. ‘‘शून्य दिसलं की लोकांना बरं वाटतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शून्याचा अर्थ एवढाच, की या क्षणी बदल नाही. पुढे उतार आहे की जिन्यातल्यासारखी नुसती विसाव्याची जागा आहे, आणि पुढे परत चढच आहे, ते या बिंदूकडे बघून कळत नाही. इथे अचानक काय आलं? कुणीतरी बाहेरून हात लावलाय.’’

‘‘गेनाऊ, अगदी बरोबर,’’ चारुलता म्हणाली. ‘‘ट्रामला दुसरा चालक मिळाला.’’

‘‘आणि तो सुट्टीवर गेला तर?’’

चारुलताने कागदाची घडी घातली.

एकोणीस तारखेला, बुधवारी, कुंदाताई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण घोटा टम्म सुजला. पाय टेकवेना. सत्यजितने बर्फ लावला, पट्टी बांधली. पहाटे साडेपाचला तो पाळीवर निघून गेला. त्यांच्या कारखान्यात आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालतात आणि फोन बाहेर कपाटात ठेवतात. दुपारी दोनपर्यंत तो कुणाला सापडायचा नाही.

गुरुवारी साडेआठला चारुलता तयार झाली. बाहेर धुकं, आणि थंडी शून्याच्या खाली. कुंदाताई पलंगावर, पाय उशीवर. श्रीधरराव खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

‘‘आज हे जाणार नाहीत,’’ कुंदाताई म्हणाल्या. ‘‘मी बजावलंय. पोहे खातील. तू निश्चिंत जा, चारू, पेपर चांगला लिही.’’ बोलताना त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, चारुलताकडेही नाही.

चारुलता दाराबाहेर आली. हातात किल्ली होती. बाहेरून एकदा फिरवली असती तर दार आतून उघडलं नसतं, कारण दुसरी किल्ली सत्यजितकडे. किल्ली कुलपात गेलीसुद्धा. पण सासू-सासऱ्यांना कोंडून जायचं? ते काय शेळ्यामेंढ्या आहेत? उद्या कुणाला कळलं तर? आणि कोंडलं तर का कोंडलं, हे संध्याकाळी सांगावं लागलं असतं. तिने किल्ली काढून घेतली.

‘‘येते,’’ ती बंद दाराला म्हणाली.

परीक्षेत फोन बंद करून टोपलीत ठेवायचे होते. पेपर उत्तम गेला. खोटं कशाला बोला, तिला मजा आली. शेवटच्या प्रश्नात एक रेषा दिली होती, आणि तिचा चढ कुठे सगळ्यात वेगाने वाढतो ते शोधायचं होतं. चारुलताने ते सोडवलं, दुसऱ्या रीतीने पडताळून पाहिलं, उत्तर तेच आलं. तेवीस वर्षांनी तिला परत एकशे एकोणतीस मार्कांची मुलगी झाल्यासारखं वाटलं. साडेअकराला ती बाहेर आली आणि तिने फोन चालू केला.

कुंदाताईंचे एकवीस मिस्ड कॉल.

ट्राममध्ये तिने फोन लावला तर पलीकडे नुसतं रडणं. घरात शिरली तेव्हा कुंदाताई दाराजवळ फरशीवर बसल्या होत्या. पलंगापासून तिथपर्यंत त्या सरपटत आल्या होत्या.

‘‘नऊ वाजले नि उठले गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी ओरडले, जायचं नाही म्हणून. ऐकेनात. बूट चढवले. मला उठता येईना. आणि मग माझ्या तोंडून गेलं... पंचेचाळीस वर्षांत कधी गेलं नाही... ‘कुठे निघालात?’ म्हणून विचारलं मी. ‘गाडीची वेळ झाली’ म्हणाले आणि गेले. मीच विचारलं, चारू. माझ्या तोंडाला आग लागो.’’

‘‘आई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’’

‘‘तू वहीतून आकडे उतरवून घ्यायला लागलीस ना, तेव्हापासून. वळणावर उभे राहायचे नुसते. मग मी बरोबर जायला लागले. बाही धरून आणायची.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुझी परीक्षा थांबली असती ना गं,’’ कुंदाताई म्हणाल्या. ‘‘सत्यजितने तुलाच घरी बसवलं असतं. मला माहीत नाही का! म्हटलं, बुधवारी विमानात बसलो की सुटलो.’’

हाच बुधवार तिनेही मोजला होता. कुंदाताईंनी निदान पाय झिजवले होते, तिने नुसती रेषा काढली होती.

तिने जिने उतरून चारही इमारतींची दारं पाहिली, बेकरीत विचारलं, नदीच्या बाजूला धुक्यात जाऊन ‘बाबा, बाबा’ म्हणून हाका मारल्या. बेकरीतली बाई म्हणाली, ते आजोबा? ते तर कित्येक दिवस एकटे आलेच नाहीत, आजी येतात, ते बाहेर उभे असतात. चारुलता परत वर आली. खुंटीवर कोट तसाच होता. आतल्या खिशाला शिवलेला पत्ता कोटाबरोबर खुंटीवर.

तिने एकशे दहा नंबर फिरवला. पोलिसांकडची बाई शांत आवाजात एकेक विचारत गेली. नाव. वय, चौऱ्याहत्तर. अंगावर काय? राखाडी स्वेटर, कोट नाही. भाषा? मराठी, थोडी हिंदी. जर्मन नाही. किती वाजता निघाले?

‘‘नऊ. बरोबर नऊ.’’

‘‘आणि कुठे जायला निघाले होते?’’

चारुलताने कुंदाताईंकडे पाहिलं. कुंदाताईंनी जर्मन प्रश्न न समजूनही मान खाली घातली.

‘‘हॅलो? त्यांना कुठे जायचं होतं? ते कळलं तर शोध तिथून सुरू करता येईल.’’

चारुलताने खिळ्यावरची वही ओढून घेतली. दोरा तुटला. पहिल्यांदाच तिने त्या पानांवर कागद ठेवला नव्हता. सप्टेंबर: बेकरी, आणि खाली रेघा, रेघा, रेघा. मग एका तारखेला, जेव्हा अठ्ठावीस मिनिटं लागली होती त्या दिवशी, रेघांच्या जागी सुवाच्य अक्षरात ‘फलटण’. दोन दिवस परत बेकरी. मग ‘भोर’. मग ‘स्वारगेट’. त्याखाली रेघा. त्रेचाळीस मिनिटांसमोर रेघा. छत्तीस, छत्तीस, छत्तीस, जेव्हा तिने शिरा केला होता, त्या प्रत्येकासमोर त्याच दोन छोट्या रेघा. वरच्याप्रमाणे. सगळं लिहून ठेवलेलं होतं, दारापाशी, खिळ्याला, जाता-येता दिसेल असं. बघायला कोणी नव्हतं तरी बाबांनी नोंद नीट ठेवली होती.

आजची ओळ शेवटची. सुटलो ९.००. ठिकाणासमोर रेघा नव्हत्या, आज पूर्ण नाव लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारली होती.

‘‘स्वारगेट,’’ चारुलता म्हणाली.

‘‘एकेक अक्षर सांगता का?’’

तिने सांगितलं. पलीकडे कळफलक वाजत राहिला.

‘‘या नावाचा रस्ता किंवा थांबा आमच्याकडे दिसत नाही. हे ड्रेस्डेनमध्ये कुठे येतं?’’

पोचलो या शब्दाखालची चौकट कोरी होती. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन महिन्यांच्या सवयीने तिच्या डोक्याने आपली आपण वजाबाकी केली. एकशे नव्वद. खिडकीबाहेर धुक्यात समोरची इमारत दिसेनाशी झाली होती, आणि फोनवरची बाई तिला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत होती.